पोटावर वण नसल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
दक्षिण किनारा वाहनचालक आरोग्य निधी,
सफाकस शाखा, तिसरा मजला,
सफाकस.

विषय : पोटावर शस्त्रक्रियेचा वण नसला तरी अर्जदार बरा झालेला आहे असे मानून प्रवासी वाहन चालवण्याचा वैद्यकीय दाखला परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज, एकूण चार.
२) आपली उत्तरे, एकूण दोन, पैकी एक दुसऱ्याच गृहस्थांच्या नावे.
३) आपले मंजुरीपत्र, दि. ३ सप्टेंबर.
४) वैद्यकीय मंडळापुढील सुनावणी, दि. ३० सप्टेंबर.

महोदय,

मी खमैस घोर्बेल, वय त्रेसष्ट. गेली एकतीस वर्षे सफाकस ते ट्युनिस या रस्त्यावर आठ उतारूंची लुआज, म्हणजे भाड्याची सामायिक गाडी, चालवतो. चालवत होतो असे म्हणणे जास्त बरोबर, कारण गेला महिनाभर ती माझ्या दारात उभी आहे आणि तिच्या टपावर शेजाऱ्यांची मांजरे झोपतात. आपल्या निधीने माझा आजार अखेर मान्य केला याबद्दल सर्वप्रथम आभार मानतो. तो मान्य झाला तोवर आजारच उरला नव्हता, ही चूक सर्वस्वी माझी आहे. मी वाट पाहायला हवी होती.

प्रकरण आपल्यापुढे तुकड्यातुकड्यांनी आले असल्यामुळे सलग मांडतो.

१. माझा आजार प्रोस्टेटचा. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या वाटेभोवती ही ग्रंथी असते आणि ती अक्रोडाएवढी असावी असा संकेत आहे. माझी मोठ्या संत्र्याएवढी झाली होती. कर्करोग नव्हता, ते तपासून घेतले होते. ती नुसतीच वाढली होती आणि वाट अडवून बसली होती. आमच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो ते सांगतो. लुआजला वेळापत्रक नसते. आठ जागा भरल्या की ती सुटते. माझे मूत्राशय भरले तरी सुटत नसे. ट्युनिसपर्यंतच्या पावणेतीनशे किलोमीटरमध्ये पूर्वी मी एकदा थांबायचो, चहासाठी. नंतर सहा वेळा थांबू लागलो आणि प्रत्येक वेळी झाडामागे पाच-पाच, दहा-दहा मिनिटे उभा राहू लागलो. सूसला लग्नाला निघालेली एक बाई एकदा खिडकीतून म्हणाली, "काका, वाटेतल्या प्रत्येक झाडाला सलाम करायलाच हवा का?" सगळी गाडी हसली. मीही हसलो, कारण उतारू हसत असतील तर निदान उतरून तरी जात नाहीत. पुढे तेही बंद झाले. माझा तीस वर्षांचा सोबती शाजली, ज्याची गाडी स्टँडवर माझ्या शेजारीच लागते, तो उतारूंना सांगू लागला, "घाई नसेल तर खमैसच्या गाडीत बसा. ऑलिव्हचे मळे सगळे बघून होतात." लोक मग त्याच्याच गाडीत बसत.

२. शहरातल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मला उभ्या उभ्या चक्कर येई, ग्रंथीला काही होत नसे. मग ऑपरेशनचा विषय निघाला. येथे नम्रपणे निदर्शनास आणतो की माझ्या हृदयात बारा वर्षांपासून कृत्रिम झडप आहे आणि त्यासाठी मी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो. डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते, पण नावाआधी आदराचा 'सी' लावून. म्हणाले, "सी खमैस, फाडायला मी फाडीन. रक्त थांबेल असं वचन मात्र माझ्याकडून घेऊ नका." मग त्यांनीच दुसरा मार्ग सांगितला. मनगटातल्या शिरेतून केसासारखी नळी आत सरकवायची, ती थेट ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांपर्यंत न्यायची आणि तिथे वाळूच्या कणाएवढे मणी सोडून त्या वाहिन्या बुजवायच्या. रक्त मिळाले नाही की ग्रंथी हळूहळू आक्रसते. भूल पूर्ण नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. मला हे पटले. मी गेल्या वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे पहिला अर्ज केला.

३. आपले उत्तर आले की सदर उपचार रक्तवाहिनीतून होत असल्याने तो हृदय उपसमितीच्या कक्षेत येतो. म्हणून मी दुसरा अर्ज हृदय उपसमितीकडे केला. उपसमितीने माझी झडप आस्थेने तपासली, ती उत्तम चालते असा शेरा दिला आणि अर्जदाराच्या हृदयास काहीही झालेले नसल्याने कोणत्याही उपचाराची आवश्यकता नाही असा निर्णय घेतला. हे पत्र खमैस घोर्बेल यांच्याऐवजी खमैस घरबी यांना गेले. ते गृहस्थ महदियाला ट्रक चालवतात. दोन महिन्यांनी पत्ता शोधत ते माझ्या घरी आले आणि पत्र देताना म्हणाले, "माझं हृदय ठणठणीत आहे म्हणून मी घरी मिठाई वाटली होती हो. आता काय सांगू?" मी त्यांना जेवायला ठेवून घेतले.

तिसऱ्या अर्जाला लेखी उत्तर आले नाही. चार नंबरच्या खिडकीवरच्या श्रीमती वसीला यांनी तोंडी समजावले. त्या मनाने चांगल्या आहेत. त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची बाहेर आणून दिली. म्हणाल्या, "सी खमैस, अवयव काढला तर ते ऑपरेशन. तुमचा अवयव जागच्या जागी राहणार. मग मंजुरी द्यायची कशाला?"

मी म्हणालो, "बाई, त्रास जाणार ना."

"त्रास जाण्याचा रकाना नाही. अवयव जाण्याचा आहे."

४. त्यानंतर मला समक्ष हजर राहण्याचे बोलावणे आले. माझा क्रमांक एकेचाळीस होता. आपल्या तळमजल्यावर जनतेसाठी शौचालय नाही, हे आपण तिसऱ्या मजल्यावर बसत असल्याने कदाचित आपल्या लक्षात आलेले नसावे. समोरच्या कॉफीवाल्याकडे आहे, पण ते गिऱ्हाइकांसाठी. म्हणून मी कॉफी घेतली आणि आत गेलो. कॉफीचा गुण असा की अर्ध्या तासात पुन्हा जावे लागते. पुन्हा गेलो, पुन्हा कॉफी घेतली. दुपारपर्यंत माझ्या पाच कॉफ्या झाल्या होत्या, आणि पाचव्या कॉफीच्या वेळी एकेचाळीस क्रमांक पुकारला गेला. माझ्या प्रकरणावर शेरा पडला : 'अर्जदार अनुपस्थित. स्वारस्य दिसत नाही.'

स्वारस्य मला पुष्कळ होते, महोदय. ते रस्त्याच्या पलीकडे होते एवढेच.

५. आता १० फेब्रुवारीचा प्रसंग. तो सविस्तर लिहितो, कारण आपल्या नोंदीत त्याचा उल्लेख 'किरकोळ अडथळा' असा आहे.

त्या दिवशी तासाभरात मी चौथ्यांदा गाडी थांबवली. एल जेमचा फाटा जवळ आला होता. मागच्या बाकावर एक गृहस्थ होते, त्यांची ट्युनिसला कोर्टात तारीख होती. त्यांनी मला मनगटावरचे घड्याळ दाखवले. "काका, न्यायाधीश थांबत नाही."

मी म्हणालो, "साहेब, माझं मात्र थांबलंय."

ते विनोद समजले. तो विनोद नव्हता. मी ऑलिव्हच्या झाडामागे उभा राहिलो आणि काही म्हणता काही होईना. थेंबही नाही. ओटीपोट दगडासारखे झाले. फेब्रुवारीचा वारा होता आणि माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. गाडीकडे परत जावे तर बसता येत नव्हते, उभे राहावे तर झाडाला धरूनच. मला माझा बाप आठवला. तो असाच एका खाटेवर ओरडत होता आणि आम्ही त्याच्या पोटावर गरम तेल चोळत होतो, कारण आम्हाला दुसरे काही माहीत नव्हते.

किती वेळ गेला कोण जाणे. झाडाच्या पलीकडून बाईचा आवाज आला. "सी खमैस, मी डॉक्टर आहे. लाजू नका. शेवटची नीट लघवी कधी झाली?"

ही बाई सकाळी करड्या कोटात येऊन खिडकीजवळ बसली होती आणि अख्ख्या वाटेत एक शब्द बोलली नव्हती. मी म्हणालो, "काल. आज नुसते थेंब."

"पोटाला हात लावू देता?"

तिने हात लावला आणि लगेच काढला. "किल्ली द्या."

"बाई, ही लुआज आहे. भाड्याची गाडी. तिला बिल्ला लागतो."

"मला दिसतंय काय आहे ते. किल्ली द्या."

एकतीस वर्षांत माझ्या गाडीच्या चाकावर दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. मी किल्ली दिली. मला मधल्या बाकावर आडवे केले. तिथे हाज्जा मन्नूबिया नावाची एक म्हातारी लेकीकडे तेलाचा डबा घेऊन निघाली होती. तिने डबा पायाशी ठेवला, माझे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाली, "ओरड बाळा. सगळे पुरुष ओरडतात, तू एकटा नाहीस." मी त्रेसष्ट वर्षांचा बाळ ओरडलो. कोर्टाची तारीख असलेले गृहस्थ पुढच्या जागेवर बसून डॉक्टरबाईंना एल जेमच्या दवाखान्याचा रस्ता सांगत होते. कुणीतरी त्यांना वेळेची आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, "मला पुढची तारीख मिळेल. याच्या पोटाला मिळणार नाही."

दवाखान्यात नळी घातली. सव्वा लिटर निघाले. त्या क्षणी मला जे वाटले ते कार्यालयीन भाषेत बसत नाही, तरी प्रयत्न करतो : अर्जदारास समाधान वाटले.

६. त्यानंतर तेरा आठवडे नळी माझ्या शरीरात होती आणि पिशवी मांडीला बांधलेली. माझी पत्नी नझीहा शिवणकाम करते. तिने पिशवीला पडद्याच्या उरलेल्या कापडाचे आवरण शिवले. म्हणाली, "विचारलं कुणी तर नवी तऱ्हा आहे म्हणून सांग." पण मला कुणी विचारावे एवढा मी बाहेर पडलोच नाही. शुक्रवारच्या नमाजाला पहिले दोन आठवडे मागच्या रांगेत उभा राहिलो, नंतर दाराशी, नंतर घरीच. वास येत असेल अशी भीती वाटे. येत नव्हता, नझीहा शपथेवर सांगायची. पण माणूस स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवत नाही तेव्हा बायकोच्या शपथेवर काय ठेवणार. मुलीने आपल्या लेकीच्या वाढदिवसाला बोलावले, मी पाठदुखीचे निमित्त सांगितले. याच काळात मी आपल्याला चौथा अर्ज केला, दवाखान्याच्या कागदांसह. मागितलेल्या उपचाराचे नाव त्यात लाल शाईने अधोरेखित केले होते, म्हणजे नजरचुकीला वाव राहू नये.

उत्तर आले नाही. डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांचे नाव डॉ. एम्ना दल्हूमी. त्या ट्युनिसच्या एका मोठ्या रुग्णालयात नेमका हाच, रक्तवाहिन्या बुजवण्याचा उपचार करतात. मी वर्षभर तिसऱ्या मजल्यावर जे शोधत होतो ते माझ्याच गाडीत खिडकीजवळ बसून आले होते. म्हणाल्या, "मंगळवारी आम्ही विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एक रुग्ण घेतो. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही, फक्त तुमची. पण आठ जण उभे राहून बघतील. चालेल?"

मी म्हणालो, "आठ जणांची मला सवय आहे."

२२ एप्रिलला शाजलीच्या गाडीतून ट्युनिसला गेलो. त्याने मला पुढची जागा दिली, पाठीला उशी दिली आणि वाटेत ऑलिव्हच्या मळ्यांचा विषय काढला नाही. उतरताना एवढेच म्हणाला, "तू नसलास की स्टँडवर माझी थट्टा ऐकायला कुणी नसतं. लवकर ये."

७. उपचाराबद्दल थोडे लिहितो, कारण मंडळातील सन्माननीय सदस्यांना तो अशक्य वाटला आहे. मी पूर्ण जागा होतो. डाव्या मनगटावर एक सुई टोचली, ते दुखले. नंतर दुखले नाही. समोर पडदा होता आणि त्यावर माझ्या आतले रस्ते दिसत होते, काळे, फाटे फुटलेले, काही सरळ, काही ट्युनिसला सुएझमार्गे जावे इतके वाकडे. डॉ. एम्ना ती नळी अशी नेत होत्या की मी आयुष्यात कुणालाही एवढ्या अरुंद गल्लीत एवढी सावकाश गाडी घालताना पाहिलेले नाही. एका ठिकाणी त्या अडल्या. मला राहवले नाही. "बाई, उजवीकडचा फाटा घ्या. डावीकडचा पुढे बंद होईलसा दिसतो."

"सी खमैस, तो बंद करायलाच आपण आलोय," त्या म्हणाल्या. आठही विद्यार्थी हसले. मग त्या डावीकडे गेल्या आणि तो रस्ता बंद केला, आणि नंतर दुसऱ्या बाजूचाही. दोन तास लागले. मनगटावर एक पट्टी बांधली, ती दुसऱ्या दिवशी सोडली.

हे सगळे सोपे होते असे भासवून मी निधीची दिशाभूल करू इच्छित नाही. एक दिवस ताप आला. चार दिवस आत निखारा ठेवल्यासारखी जळजळ होती. पण १३ मे रोजी नळी काढली, मला पाणी पाजून दोन तास बाकावर बसवले, आणि मी आत जाऊन आलो. डॉ. एम्ना दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि कागदावर काहीतरी लिहिले. नझीहा बाकावर रडत बसली होती. मी म्हणालो, "अगं, लघवी झाली, मुलगा नाही झाला." ती म्हणाली, "मुलगा झाला तेव्हा इतकं बरं वाटलं नव्हतं."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गाडीवर बसलो. पहिल्याच फेरीत सफाकसहून निघालो तो थेट ट्युनिस. हम्मामेतच्या पुढे मागून आवाज आला, "अहो काका, कुठे थांबणार की नाही? आम्हाला पण देह आहे." माझ्याविरुद्ध आलेल्या तक्रारींत ही मला सगळ्यात आवडलेली.

८. अशा रीतीने मी सुखात असताना आपले ३ सप्टेंबरचे पत्र आले. त्यात म्हटले होते की अर्जदाराच्या चौथ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, पोट उघडून संपूर्ण ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मंजूर करण्यात येत आहे. तारीख २७ ऑक्टोबर. मी ही शस्त्रक्रिया एकाही अर्जात मागितलेली नव्हती. तीच टाळावी म्हणून चार अर्ज केले होते. लाल शाई आपल्या कार्यालयात कोणत्या अर्थाने वाचतात याची मला कल्पना नव्हती.

पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात असे होते की आजाराचे स्वरूप गंभीर असल्याने शस्त्रक्रिया पार पडेपर्यंत अर्जदारास प्रवासी वाहन चालवण्यास अयोग्य ठरवण्यात येत असून दाखला स्थगित करण्यात येत आहे. म्हणजे ज्या दोन वर्षांत मी खरोखर अयोग्य होतो, उतारूंचे जीव हाती घेऊन घामाघूम गाडी हाकत होतो, तेव्हा मी योग्य होतो. बरा होताच अयोग्य ठरलो.

मी त्याच दिवशी खिडकीवर गेलो. श्रीमती वसीला यांनी मनापासून अभिनंदन केले. मी म्हणालो, "बाई, मी बरा झालोय."

"कुठे?"

"ट्युनिसला."

त्यांनी बराच वेळ कागद चाळले. "ट्युनिसला झाला असाल. इथे अजून आजारी आहात."

घरी आलो तेव्हा नझीहा म्हणाली, "तुझी गाठ खाली होती, ती गेली. त्यांची वर आहे, तिला मणी सोडायला कुणाला सांगायचं?" हे वाक्य मी केवळ माहितीसाठी नोंदवत आहे.

९. ३० सप्टेंबरची सुनावणी. मंडळाचे अध्यक्ष डॉ. रिदा ब्राहम, निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ; सदस्य म्हणून एक नेत्रतज्ज्ञ; आणि आपण स्वतः. माझ्या ग्रंथीच्या वरचे आणि आजूबाजूचे बरेच अवयव मंडळावर होते, ती तेवढी नव्हती.

अध्यक्षांनी मला सदरा वर करायला सांगितले. मी केला. ते टेबलाला वळसा घालून आले, चष्मा बदलला, बेंबीपासून खाली बोटाने एक रेघ काढली. "वण कुठे आहे?"

मी मनगट पुढे केले. त्यावर तेव्हा एक फिकट ठिपका होता. आता तोही गेला आहे.

"हा डास चावलाय," डॉ. ब्राहम म्हणाले. "मी चाळीस वर्षं मनगटं बसवली आहेत. मनगटात प्रोस्टेट नसते."

मी डॉ. एम्ना यांचा अहवाल दिला. उपचारापूर्वी ग्रंथी पंच्याण्णव ग्रॅम, आता अठ्ठावन्न. अध्यक्षांनी तो आकडा दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे अजून आहेच की! मग काढायला काय हरकत आहे?" नेत्रतज्ज्ञांनी मान डोलावली. ते संपूर्ण वेळ माझ्या डोळ्यांकडे पाहत होते आणि शेवटी मला म्हणाले की डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. दीड वर्षात या इमारतीत माझ्या आजाराचे झालेले हे पहिले अचूक निदान. त्याबद्दल त्यांचे आभार.

इतिवृत्तात नोंद झाली ती अशी : 'अर्जदाराचे पोट कोरे आहे. शस्त्रक्रिया झाल्याचा बनाव संभवतो.'

१०. महोदय, यापुढचे लिहावे की नाही याचा मी सहा दिवस विचार केला.

सुनावणी सव्वा तास चालली. त्यात आपण तीनदा उठून बाहेर गेलात. शिपाई प्रत्येक वेळी म्हणाला, "साहेबांना महत्त्वाचा फोन आहे." तिसऱ्या वेळी मंडळाचा विचारविनिमय व्हायचा म्हणून मलाही बाहेर थांबायला सांगितले होते. शिपायाने दया येऊन अधिकाऱ्यांचे शौचालय वापरायची परवानगी दिली. मी आत आलो तेव्हा आपण तिथे उभे होतात. मी शेजारी उभा राहिलो, माझे काम उरकले, हात धुतले, रुमालाने पुसले आणि पाणी जपून वापरण्याविषयीची सूचना दोनदा वाचली. आपण तिथेच होतात. डावा हात भिंतीला टेकलेला, कपाळ हाताला, डोळे मिटलेले. मग आपण डोळे उघडलेत आणि आरशातून माझ्याकडे पाहिलेत. त्या जागी पुरुष बोलत नाहीत.

मी आपल्याला टोमणा मारत नाही. या अर्जात मी जे मारायचे ते वर मारून झाले आहेत. माझ्या घरी न्हाणीघराच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर, चुना हाताच्या आकारात काळा पडला आहे. माणूस तिथे उभा राहून काय काय विचार करतो ते मला ठाऊक आहे. बापाचा विचार करतो. बायकोला झोप लागली असेल का, असा विचार करतो. बाहेर लोक खोळंबले आहेत हे त्याला माहीत असते आणि त्यामुळे आणखी होत नाही.

११. सबब विनंती करतो ती अशी.

अर्जदार बरा असल्याचा पुरावा म्हणून वण ग्राह्य धरता येत नसल्यास प्रत्यक्षदर्शी साक्ष ग्राह्य धरावी. ३० सप्टेंबर रोजी अकरा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास अर्जदार आपल्या मागून आला आणि आपल्या आधी गेला, याचे साक्षीदार या कार्यालयातील सर्वांत वरिष्ठ अधिकारी आहेत. साक्षीचा तपशील इतिवृत्तात द्यायची गरज नाही. 'संचालकांची खात्री पटली आहे' एवढे चार शब्द पुरेत.

२७ ऑक्टोबरची शस्त्रक्रिया रद्द करून ती खाट ज्याला खरोखर हवी आहे त्याला द्यावी. नियमानुसार वण अपरिहार्यच असेल, तर कमीत कमी किती सेंटिमीटरचा चालतो ते लेखी कळवावे. नझीहा म्हणते की टाके ती स्वतः घालून देईल, पडद्याच्या दोऱ्याने, आणि ते मंडळाला हवे तितके ठळक दिसतील.

दाखला परत मिळावा. मला गाडी चालवण्याखेरीज काही येत नाही आणि घरात बसलेला पुरुष कसा असतो हे आपण नझीहाला विचारू शकता.

कळावे, आणि या वेळी घोर्बेल यांनाच कळवावे.

आपला नम्र, निधीचा एकतीस वर्षांचा सभासद,

(सही)
खमैस घोर्बेल
लुआज चालक, सफाकस–ट्युनिस
सफाकस, दि. ६ ऑक्टोबर

सोबत :
१) डॉ. एम्ना दल्हूमी यांचा अहवाल, सत्यप्रत.
२) उपचारापूर्वीची व नंतरची सोनोग्राफी.
३) दोन्ही मनगटांचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून.
४) खमैस घरबी यांना आलेले पत्र, त्यांच्या हृदयासह साभार परत.

ता.क. : एक बंद पाकीट टपालात न टाकता आपल्या शिपायाकडे वेगळे दिले आहे. ते सोबतच्या यादीत घातलेले नाही, कारण यादी चार नंबरच्या खिडकीवर मोठ्याने वाचतात. त्यात डॉ. एम्ना यांचा फोन नंबर आहे. त्या मंगळवारी घेतात. मी बोलून ठेवले आहे, नाव सांगितलेले नाही. हे आमिष समजू नये. दाखला मिळाला नाही तरी नंबर तोच राहील. मिळाला तर ट्युनिसला जाण्यासाठी माझ्या गाडीत पुढची जागा आपल्यासाठी आहे. आठ जागा भरायची वाट न पाहता निघू, आणि आपण म्हणाल तिथे, म्हणाल तितक्या वेळा मी थांबेन. कारण विचारणार नाही.